पिंपलसाठी घरी वाफेची मशीन घ्यायची का? खाऱ्या पाण्याच्या गावातून रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. नाकावर, हनुवटीवर बारीक काळे-पांढरे ठिपके असतील, ब्लॅकहेड व्हाइटहेड म्हणतात ते, तर घरी वाफ घेतल्यानं फरक पडते, चांगला पडते. पण लाल, सुजलेले, हात लावला की ठणकणारे पिंपल असतील तर वाफेनं ते जात नाहीत, उलट अजून लाल होतात. आणि तुमचं गाव आमच्यासारखं खाऱ्या पाण्याचं असेल तर कोणती मशीन घ्यायची याच्याआधी तिच्यात कोणतं पाणी टाकणार ते ठरवा, कारण आमच्या घरी सगळा खेळ पाण्यावरच अडला होता.

आम्ही दर्यापूर तालुक्यातले. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगानं अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यात जो खारपाणपट्टा आहे त्यात आमचं गाव येते, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी येते पण तेही रोज नाही, म्हणून बऱ्याच घरी आरओचे जार लागलेले. चेहऱ्याच्या मशीनच्या रिव्ह्यूत पाण्याचं काय काम असं वाटेल, पण व्हिडिओत पुण्या-मुंबईच्या पोरी मशीन दाखवतात तेव्हा हा मुद्दा कोणीच बोलत नाही आणि आपल्याकडच्या पोरी तेच पाहून ऑर्डर करून राहिल्या, म्हणून एवढं लांब लिहून राहिली.

घरात दोन मशीन वापरल्या, मी आणि माझी लहान बहीण, ती बारावीला आहे. पहिली म्हणजे ती साधी प्लॅस्टिकची, अडीचशे-तीनशे रुपयाला कोणत्याही मेडिकलवर भेटते, कोरोनात घरोघरी आली तीच. तिच्यासोबत चेहऱ्यासाठी रुंद तोंडाचा एक कप येते म्हणून डब्यावर फेशियल असंही छापलेलं असते. बोअरचं पाणी टाकलं की ती मिनिटभरात खदखदायला लागते आणि वाफेसोबत कढत थेंब बाहेर फेकते, बहिणीच्या हनुवटीवर असाच थेंब उडून फोड आला आणि त्याचा काळा डाग कितीतरी आठवडे राहिला. आरओचं पाणी टाकलं तर एकदम उलटं, बसून बसून कंटाळा येते पण वाफ नावापुरती. मेडिकलवाल्या दादाला विचारलं तर म्हणे, "ताई, चिमूटभर मीठ टाका, मग चालते." आणि ते खरंच आहे, मशीनच्या कागदावरही तसंच लिहिलेलं होतं.

असं काऊन होते ते समजून घ्या, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. या स्वस्तातल्या बहुतेक मशीनमध्ये गरम होणारी कॉइल नसतेच. पाण्यात दोन पट्ट्या बुडलेल्या असतात, एका पट्टीतून दुसरीकडे करंट पाण्यातूनच जाते आणि त्यानं पाणी तापते. पाण्यात क्षार जास्त तर करंट जास्त, मग ते उसळते आणि थेंब उडतात. आरओच्या पाण्यात क्षारच कमी म्हणून करंट जात नाही आणि वाफ होत नाही. म्हणजे मशीन चालू असताना त्या पाण्यात करंट असते. झाकण उघडून गरम झालं का म्हणून बोट घालून पाहणं, चालू असतानाच वरून पाणी ओतणं, ओल्या फरशीवर ठेवणं, हे सगळं मी लोकांच्या घरी पाहिलेलं आहे आणि पाहून जीव घाबरते. आपल्याकडे किती घरच्या बोर्डाला अर्थिंग नीट आहे? नुसतं बटण बंद करून झाकण उघडू नका, पिन बोर्डातून काढा, मगच हात लावा. आजीच्या सर्दीला ती मशीन अजूनही चालू आहे, नळाच्या पाण्यावर, जरा दुरून, आणि त्या कामाला ती ठीक आहे. चेहऱ्यासाठी मात्र पाचपैकी एक.

दुसरी मशीन ऑनलाइन मागवली, बाराशेच्या आसपास पडली. कंपनीचं नाव देत नाही कारण अशीच दिसणारी मशीन वेगवेगळ्या नावानं विकायला आहे. आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही, दर्यापूरला जाऊन आणावी लागली. डब्यावर २८० वॅट लिहिलेलं आहे, टाकी ७० मिलीची, एकदा भरली की दहा-अकरा मिनिटं चालते. लाइट बिलाची चिंता करणाऱ्यांसाठी, एका युनिटमध्ये वीसेक वेळा वाफ घेऊन होते, म्हणजे काहीच नाही. हिच्यात हीटर वेगळा आहे, पाण्यातून करंट जात नाही, म्हणून आरओच्या पाण्यावर छान चालते. पाणी संपलं की आपोआप बंद होते. वाफ बारीक आणि एकसारखी येते, थेंब फक्त सुरुवातीला उडतात, म्हणून चालू केल्यावर मिनिटभर तोंड दूर ठेवायचं, वाफ नीट लागली की मग बसायचं.

डब्यावर "नॅनो आयनिक" मोठ्या अक्षरात आहे आणि त्वचेत दहापट पाणी मुरते असंही लिहिलेलं आहे. त्या शब्दांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. आपल्या कातडीचा वरचा थरच असा असते की बाहेरचं पाणी सहज आत जाऊ देत नाही, वाफेनं तो वरच्यावर मऊ होते, फुगते आणि थोड्या वेळात ते पाणी उडून जाते, जाताना उलट चेहरा ताणल्यासारखा कोरडा करून जाते. मी पैसे दिले ते थेंब न उडणाऱ्या वाफेचे आणि आपोआप बंद होण्याचे, आणि तेवढ्यासाठी बाराशे मला पटले. तक्रारी पण आहेत. वायर एवढी आखूड की बोर्डाखालीच स्टूल मांडून बसावं लागते. वाफ सरळ वर येते त्यामुळे वाकून मान दुखते. लाइट गेली की मशीन बंद पडते आणि लाइट आल्यावर परत पहिल्यापासून तापवत बसा, आणि आमच्याकडे संध्याकाळी लाइट किती जाते ते काही सांगायला नको.

आता क्षाराचं. हीटरवाल्या मशीनमध्ये बोअरचं पाणी अजिबात टाकू नका, मीठ तर नाहीच नाही. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार तळाशी राहतात, पांढरा थर धरते आणि मग वाफ कमी कमी होत जाते. शेजारच्या काकूंच्या मशीनमध्ये असा थर पाहिला, नळाचंच पाणी टाकत होत्या तरी. किराण्यात निंबूसत भेटते ना, ते अर्धा चमचा पाण्यात विरघळवून टाकीत घालायचं, मशीन बंद ठेवून अर्धा तास राहू द्यायचं, ओतून द्यायचं आणि साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं, थर सुटून येते. आम्ही जारचंच पाणी वापरतो, वापर झाला की उरलेलं पाणी ओतून टाकी पुसून ठेवतो कारण साचलेल्या पाण्याला वास येते. आणि टाकीत निलगिरीचं तेल, झेंडू बामसारखं काही, कडुलिंबाचा पाला असलं काही टाकायचं नाही, प्लॅस्टिक आणि नळी खराब होते आणि बामाच्या वाफेनं डोळे आणि तोंड चुरचुरते ते वेगळंच. कडुलिंबाची माझी आजी लय भक्त आहे म्हणून मी शोधून वाचलं, त्याच्यातले कडू घटक वाफेसोबत वर येतच नाहीत, ते गंजातच, म्हणजे पातेल्यातच, राहतात.

चेहऱ्यावर काय फरक पडला ते सांगते. मला नाकावर आणि नाकाच्या बाजूला ब्लॅकहेड, कापूस वेचायच्या दिवसात शेतातली धूळ आणि घाम मिळून ते जास्तच होतात. दिवाळीनंतर हिवाळाभर आठवड्यातून एकदा वाफ घेतली. आपल्या छिद्रातून जे तेल निघते ते मेलेल्या कातडीसोबत मिळून आत घट्ट बसते, थंडीत तूप थिजते तसं, आणि वाफेच्या गरमीनं ते मऊ पडते. मग चेहरा साध्या फेसवॉशनं हलका चोळून धुतला की थोडं थोडं निघते. सगळं नाही निघत. काही दिवसांनी परत भरते, कारण तेल बनणं काही वाफेनं थांबत नाही. ब्लॅकहेडचा काळा रंग म्हणजे मळ नाही हेही समजलं, उघड्या तोंडाला हवा लागून तो काळा पडते, म्हणून साबणानं घासून घासून तो जात नाही, फक्त कातडी सोलवटते. वाफेनं छिद्र "उघडतात" आणि नंतर बर्फ लावला की "बंद होतात" असं सगळे सांगतात, पण छिद्राला उघड-बंद व्हायला स्नायूच नसते. आत अडकलेलं मऊ होते एवढंच खरं. बर्फ चोळायची गरज नाही, साध्या पाण्यानं धुवा पुरे.

मशीनसोबत सुया आणि बारीक चमच्यांचं एक किट फुकट आलं होतं, ब्लॅकहेड दाबून काढायला. ते मी आईजवळ देऊन ठेवलं की कोणाच्या हाती लागू नये. आपल्या सावळ्या कातडीला दाबून काढलेल्या एका पिंपलचा डाग महिनोन्‌महिने राहते, पिंपलपेक्षा डागाचंच जास्त दुःख होते, आणि वाफेनंतर कातडी मऊ असते म्हणून तेव्हाच सगळ्यांचे हात शिवशिवतात. नका करू.

बहिणीचं वेगळं आहे. तिला गालावर आणि जबड्यावर मोठे, आतून दुखणारे येतात. तिला वाफेनं काहीच फायदा झाला नाही, वाफ घेतली त्या रात्री गाल अजून तापायचे. ते पिंपल नुसते तेल अडकल्याचे नसतात, आत जंतू वाढतात आणि शरीर त्याच्याशी भांडते म्हणून सूज आणि पू होते, तिथं बाहेरून उष्णता देऊन काय होणार. शेवटी अमरावतीला कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के आणि रात्रीला अडापलीन ०.१ टक्के दिलं, मटरच्या दाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला, आणि सांगितलं की दोन-तीन महिने धीर धरा, पहिल्या आठवड्यात काही दिसणार नाही, कातडी थोडी सोलेल. तसंच झालं, आणि नंतर हळूहळू बसायला लागले. अडापलीन चालू असताना वाफ बंद ठेवा असंही ते म्हणाले, कातडी आधीच पातळ-कोरडी झालेली असते, त्यावर गरमी नको. ज्यांना पिंपलसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तर वाफेच्या वाटेला जाऊ नये. ज्या बाया गरोदर आहेत किंवा दिवस राहायची वाट पाहून राहिल्या त्यांनी अडापलीन लावायचं नाही, आणि गोळ्या तर बिलकुल नाही, डॉक्टरला आधी सांगायचं. बेंझॉइल पेरॉक्साइडनं उशीचा अभ्रा आणि टॉवेलचा रंग उडते, जुना पांढरा कपडा वापरा. हे सगळं आम्हाला डॉक्टरनं बहिणीचा चेहरा पाहून दिलं, तुम्ही माझं वाचून मेडिकलवरून उचलू नका.

मेडिकलवरून उचलण्याचा विषय निघालाच तर हे जरूर वाचा. आमच्या गावात पोरींच्या चेहऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान कशानं झालं असेल तर त्या पन्नास-साठ रुपयाच्या गोऱ्या करणाऱ्या ट्यूबनं. पाठीमागं बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही दिवस चेहरा चकाचक होते, पिंपल बसतात, सगळ्या मैत्रिणी विचारतात काय लावते म्हणून. मग ट्यूब सोडली की चेहरा लालभडक, पुरळ, कातडी एवढी पातळ की नसा दिसतात, गालावर केस. २०१८ मध्ये सरकारनं या स्टेरॉइडच्या क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्याच नाहीत, तरी विकून राहिले. अशी ट्यूब ज्यांनी महिनोन्‌महिने लावली त्यांच्या चेहऱ्याला वाफ म्हणजे आगीत तेल. त्यांनी मशीन घेऊ नका, आधी डॉक्टर गाठा. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कातडीची ओपीडी आहे, आणि जाणं जमतच नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर मोबाइलवरून फुकटात डॉक्टरशी बोलता येते.

ज्यांना वांग आहे, गालावर तपकिरी चट्टे, त्यांनाही गरमीनं ते वाढतात, वाफ नको. पाळी मागेपुढे होते, हनुवटीवर जाड केस येतात आणि जबड्यावर पिंपल, असं तिन्ही सोबत असेल तर ते पीसीओएसचं, म्हणजे बायांच्या हार्मोनच्या बिघाडाचं असू शकते, त्याला चेहऱ्यावर काहीही करा, आतून इलाज लागेल.

आम्ही कशी घेतो ते असं. केस मागं बांधायचे, चेहरा आधी धुवायचा, कारण तेल-पावडरवर वाफ घेतली की तेच आत चिखल होते. मशीनपासून वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर, डोळे बंद, पाच ते सात मिनिटं, चटका वाटला तर मागं सरकायचं, सहन करायचं नाही. टाकी दहा मिनिटं चालते म्हणून दहा मिनिटं बसायचंच असं काही नाही. मग कोमट पाण्यानं धुणं, टॉवेल घासायचा नाही, टिपायचा, आणि चेहरा ओलसर असतानाच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. हे शेवटचं सोडलं तर सगळं वाया, हिवाळ्यात आपल्याकडची हवा एवढी कोरडी की वाफ घेऊन नुसतं झोपलं तर सकाळी गाल फुटतात. आठवड्यातून एकदा, बस. रोज घेणाऱ्या पोरी आहेत, त्यांची कातडी लाल आणि खरखरीत झालेली पाहिली. आणि होळीनंतर आम्ही मशीन डब्यात टाकून माळ्यावर ठेवतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जाते, दिवसभर चेहरा तसाच शिजलेला असते, त्याला अजून कशाला वाफ. उन्हाळ्यात थंड पाण्यानं दोनदा चेहरा धुणं हेच खूप.

बहिणीला सगळ्यात जास्त कशानं उतार पडला, औषध सोडून, तर स्कार्फ रोज धुण्यानं. कॉलेजला जाताना उन्हाचा आणि धुळीचा स्कार्फ डोक्याला, तोंडाला गच्च गुंडाळलेला, घाम, घासण, तोच स्कार्फ परत दुसऱ्या दिवशी, आणि पिंपल नेमके जिथं स्कार्फ घट्ट बसते तिथं. आता तीन सुती स्कार्फ आहेत, एक धुतलेला तयार असतेच, आणि तोंडावर जरा सैल बांधते. दुसरं, केसाला चप्प तेल लावून झोपणं बंद केलं, ते तेल कपाळावर उतरते आणि कपाळाच्या कडेनं बारीक पुरळ येते. आईला हे पटवायला खूप वेळ लागला, आता धुण्याच्या एक-दोन तास आधी लावते.

ज्यांच्याजवळ मशीनला पैसे नाहीत त्यांना वाईट वाटून घ्यायची गरज नाही. गंजात पाणी उकळून डोक्यावर टॉवेल घेऊन बसतात त्यापेक्षा मी सांगेन, स्वच्छ सुती रुमाल सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून पिळा आणि नाक-हनुवटीवर ठेवा, थंड झाला की परत, असं पाच मिनिटं. ब्लॅकहेड मऊ करायचं काम जवळपास तेवढंच होते आणि भाजायची भीती नाही. गंजावरची वाफ नुसत्या गरम पाण्यापेक्षा जास्त भाजते, कारण वाफेचं परत पाणी होताना तिच्यातली सगळी उष्णता कातडीवर उतरते. आणि घरात रांगतं-चालतं लेकरू असेल तर उकळत्या पाण्याचा गंज जमिनीवर ठेवून डोळे झाकून टॉवेलात बसणं म्हणजे फार धोक्याचं काम आहे, टॉवेलाचं टोक ओढलं की सगळं पाणी त्याच्या अंगावर. असं कोणी करत असेल तर आजच थांबवा.

मशीनला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, तेही ब्लॅकहेडसाठी. दुकानातून घेणार असाल तर दुकानदाराला डबा उघडायला लावा आणि टाकीत डोकावून पहा. आत दोन पट्ट्या किंवा सळया मोकळ्या दिसल्या तर ती करंट पाण्यातून जाणारी, चेहऱ्यासाठी घेऊ नका, तो कितीही म्हणो. तळाशी बंद प्लेट असेल, वाफ वेगळ्या नळीतून येत असेल, आणि पाणी संपल्यावर आपोआप बंद होते असं कागदावर लिहिलेलं असेल तर घ्या. दुकानातच पाणी टाकून एकदा चालवून पहा, पाणी मात्र घरून जारचं बाटलीत न्या, म्हणजे घरी जशी चालणार तशीच तिथं दिसेल.